अव्वाचं वय नेमकं किती? सोलापूर-नळदुर्गकडच्या जाणत्यांनी मदत करा

बाळीवेसकर

नमस्कार मंडळी. आमची अव्वा, म्हणजे वडिलांची आई, दिवाळीनंतर गेली. भरल्या घरात गेली, चार दिवससुद्धा कुणाकडून करून घेतलं नाही. त्यामुळे हा धागा रडारडीचा नाही. खरं सांगायचं तर भांडणाचा आहे.

झालं असं की तेराव्याच्या आधी धाकट्या काकांनी चौकात डिजिटल बोर्ड लावला. त्यावर अव्वाचा फोटो, खाली आम्हा सगळ्यांची नावं आणि मधोमध ठसठशीत ‘वयाच्या १०१व्या वर्षी’. आधार कार्डावर तिची जन्मतारीख ०१/०१/१९३४ आहे, म्हणजे ९१. थोरले काका ९७वर ठाम आहेत. अव्वाला विचारलं की ती म्हणायची, "तुझ्या आज्ज्यापेक्षा चार कमी, गल्लीतल्या समद्यांपेक्षा जास्त." आज्जाचं वय कुणाला ठाऊक होतं म्हणून!

वर्षाच्या कार्यापर्यंत घरातल्या घरात वाटायला एक छोटी पुस्तिका करायचं ठरलंय. काम माझ्या गळ्यात पडलंय आणि पहिल्याच पानावर ‘जन्म’ या शब्दापुढं मी अडकलोय. हाताशी आहे ते एवढं:

माहेर नळदुर्गच्या पुढचं, मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या मुलखातलं. जन्म येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा, यावर मात्र सगळ्या घराचं एकमत. सगळा गाव रानात जेवायला गेलेला, सुईणसुद्धा. तिला कुणाच्या तरी कडब्याच्या कोपीपुढून अंबिलीचा गडू हातात असतानाच उठवून आणली, ही गोष्ट अव्वा दर येळवशीला सांगायची. सोलापूरला आली ती रझाकारांच्या धामधुमीत, थोरले काका कडेवर होते. पहिल्या निवडणुकीत बैलजोडीला मत दिलं असं छातीठोक सांगायची. आणि मार्शल लॉचं काहीतरी होतं. धाकटे काका म्हणतात, तिनं मार्शल लॉ डोळ्यांनी बघितला. थोरले म्हणतात, छे, तेव्हा ती पोटात होती.

यातून साल काढता येईल का? जुन्या लोकांनी, इतिहासवाल्यांनी, पंचांगवाल्यांनी, कुणीही सांगा.

कडकभाकरी

बाळीवेसकर, अव्वांना नमस्कार. आमच्याकडंही हीच तऱ्हा. माझ्या वडिलांचा, दोन्ही चुलत्यांचा आणि आईचाही वाढदिवस १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला लावून बघायचा, कान लागला की सहा वर्षं पुरी आणि तारीख १ जून. थोरल्या काकांचा दाखला बघा, पैज लावतो.

बाळीवेसकर

जिंकलात. ०१/०६/१९४७.

नळदुर्गचा_पाहुणा

दाखल्यावरची तारीख सोडा, पण साल फार चुकलेलं नसणार. तुमचे काका कडेवर होते म्हणता, म्हणजे १९४८चा पावसाळा धरा. आमच्या घरचेही त्याच वर्षी सोलापूरला आले. सरहद्दीपलीकडच्या गावांतून रझाकारांच्या भीतीनं घरंच्या घरं इकडं इंग्रजी मुलखात आली होती. इंग्रज तोवर गेले होते, पण म्हातारी माणसं ‘इंग्रजीत गेलो’ असंच म्हणायची. कुणी नातेवाइकांकडं, कुणी धर्मशाळेत, कुणी गिरणीच्या चाळीत. पुढं १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरहून फौज निघाली ती नळदुर्गच्याच रस्त्यानं, आणि १७ तारखेला निजामानं हात टेकले. तुमच्या अव्वा फौजेच्या आधी आल्या की नंतर? नंतर यायचं कारण नव्हतं, तेव्हा तर लोक परत जाऊ लागले होते.

त्यांच्याकडून हाली रुपयाचं, म्हणजे निजामाच्या नाण्याचं, काही ऐकलंय का?

बाळीवेसकर

ऐकलंय म्हणजे! हा तिचा लाडका किस्सा. आषाढात आली, म्हणजे फौजेच्या आधीच. नवऱ्यानं पुढं होऊन गिरणीत बदली कामगार म्हणून जागा बघितली होती, ही मागून दिराबरोबर बैलगाडीनं रातोरात निघाली. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका चुकवायला गाडी ओढ्यातून घातली. कनवटीला सात रुपये, सगळे हाली. सोलापुरात पहिल्या दिवशी ज्वारी घ्यायला गेली तर दुकानदार म्हणाला, "बाई, हे इथं चालत न्हाई, सहा कलदार देतो." तिला वाटलं हा लुबाडूलालाय. तिनं दुकानापुढंच बसकण मारली आणि चार बायका गोळा केल्या. त्यातली एक म्हणाली, अगं भाव तोच आहे, सात हालीला सहा कलदार, म्हणजे इकडचे रुपये. अव्वा उठली, पण जाताना दुकानदाराकडून चिमूटभर जिरं फुकट घेऊन उठली. त्या सातातला एक रुपया मात्र तिनं मोडला नाही. तो अजून घरात आहे.

पुढं त्याच दुकानात आमचं खातं तीस-चाळीस वर्षं होतं. दुकानदाराचा नातू अंत्ययात्रेला आला होता.

चष्मेवाला

किस्से छान आहेत, पण पुरावा म्हणून बघायचं तर थोडं कडक व्हायला हवं.

निवडणुकीचा मुद्दा आधी बाद करा. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२च्या हिवाळ्यात झाली. तेव्हा मताधिकार २१ वर्षांना होता (१८ झाला १९८९ला), आणि याद्या मतदानाच्या बऱ्याच आधी तयार झाल्या होत्या. हिशेबानं अव्वांचा जन्म १९२८-२९च्या आतला निघतो, म्हणून थोरले काका ९७ म्हणत असतील. पण बैलजोडी ही काँग्रेसची खूण १९५७लाही होती, १९६२लाही होती. ‘पहिलं मत बैलजोडीला’ म्हणजे तिचं पहिलं मत, देशाची पहिली निवडणूक असेलच असं नाही. शिवाय यादी करणारा माणूस दारात उभा राहून ‘वय काय लिहू’ विचारायचा आणि घरातला पुरुष तोंडाला येईल तो आकडा सांगायचा.

त्या यादीतून देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं गाळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. अव्वांचं नाव लागलं असेल तर ते त्यांनी स्वतः सांगितलं असणार, एवढं मात्र दिसतं.

बाळीवेसकर

ते तिनं नक्की सांगितलं असणार. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, स्वतःचं मात्र खणखणीत सांगायची.

मुद्दा पटला. थोरल्या काकांना दाखवतो. ते वाचून काय म्हणतील ते इथं लिहिता येणार नाही.

हिप्परगा_तळं

मार्शल लॉबद्दल थोडं. मे १९३०मध्ये, गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं. पोलीस चौक्या सोडून गेले, दोन-चार दिवस शहरात इंग्रजांचं राज्यच नव्हतं, मग लष्कर आणून मार्शल लॉ पुकारला. गांधी टोपी घातली तरी धरत होते. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्मा पुतळ्यांचा चौक रोज ओलांडतो आपण. 

आता अव्वांनी मार्शल लॉ ‘बघितला’ असेल तर त्या तेव्हा निदान पाच-सहा वर्षांच्या हव्यात, म्हणजे जन्म १९२४-२५. धाकट्या काकांची शंभरी तिथून आलेली दिसते. पण त्यांचं माहेर मोगलाईत आणि मार्शल लॉ सोलापूर शहरात. पाच वर्षांची पोर तिकडून इकडं काय बघणार?

कडकभाकरी

जाता जाता एक विचारू? अव्वा शेंगाची चटणी उखळात करायच्या की मिक्सरवर?

बाळीवेसकर

मिक्सरचं नाव काढलं तर उखळाची मुसळी अंगावर यायची. शेंगदाणे लोखंडी तव्यावर मंद भाजायचे, सालं पाखडायची, मग लसूण, मीठ, जिरं आधी कुटून त्यात तिखट आणि शेवटी शेंगदाणे. कुटायचं किती, तर चटणी मुठीत दाबली की बोटांच्या फटीत तेल दिसलं पाहिजे आणि मूठ उघडली की मुटका तसाच राहिला पाहिजे. तो पहिला मुटका ती तव्यावरून उतरलेल्या भाकरीच्या पापुद्र्यात घालून समोर जो असेल त्याला द्यायची. ‘जो असेल’ म्हणजे नातू असेल तर. नातीला नंतर.

कडक भाकरी तर तिच्या हातची दोन महिने टिकायची. मालदांडी ज्वारीचंच पीठ लागायचं. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी आली तेव्हा तिची भाकरी थापताना चिरायची. अव्वा म्हणायची, "पोटात गेली, पण मनात न्हाई गेली."

आत्याची_लेक

वा रे बाळीवेसकर. धागा काढलास आणि आम्हाला पत्ता नाही. माझ्या नवऱ्यानं ऑफिसातून लिंक पाठवली, ‘ही तुमचीच अव्वा का?’ म्हणून. मुसळी वाचल्यावर ओळखली.

‘नातीला नंतर’ हे एका ओळीत उरकलंस. पुस्तिकेत जरा सविस्तर लिही. दुधावरची साय पोरांना, खरवड पोरींना. माझ्या आईला सातवीनंतर शाळेतून काढली ती अव्वानंच. गिरणीतून सूत यायचं, घरात रहाटावर कांड्या भरायला हात हवे होते. आई वर्गात दुसरी आली होती. शाळेतल्या बाई घरी दोनदा येऊन गेल्या. अव्वानं त्यांना चहा दिला, कुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवशी आईला रहाटावर बसवलं. आई आजही हे सांगताना आवाज चढवत नाही, पण सांगायचं सोडतही नाही.

थोर, मायाळू, वटवृक्ष असलं काही छापू नकोस, एवढंच म्हणायचंय. ती गेली त्या दिवशी सगळ्यांत जास्त आईच रडली, हेही खरं.

बाळीवेसकर

आक्का, तू आलीस ते बरं झालं. वटवृक्ष काकांच्या मसुद्यात आहे. माझ्या नाही.

पुण्यातली_सोलापूरकर

रहाट आणि कांड्या वाचून थांबले. आमच्या पूर्व भागात घराघरात तोच आवाज. आजी तेलुगूत रागवायची, आई मराठीत, मालक दोन्हींत. चादरीच्या दशा वळून गाठी मारायचं काम आम्ही पोरी शाळेतून आल्यावर करायचो, शेकड्यावर पैसे. सोलापुरी चादर आता भौगोलिक मानांकन वगैरे घेऊन दिमाखात विकली जाते. ते व्हायलाच हवं होतं, पण दशांची गाठ कुणाच्या बोटांनी मारली ते कुठल्या लेबलवर नसतं.

विषयांतराबद्दल माफी. गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वरांची यात्रा, कसा झाला यंदा?

कडकभाकरी

गर्दी मरणाची. होम मैदानावर धूळ आणि भज्यांचा वास. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. बाकी एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!

आत्याची_लेक

हं, आता मुद्द्याचं. मार्शल लॉचं तुम्ही दोघा काकांचं काय ऐकत बसलात? ती गोष्ट मला पक्की माहीत आहे.

माझं पहिलं बाळंतपण बाळी वेशीतल्या घरीच झालं. अव्वा रोज सकाळी अंगाला तेल लावायची आणि शेगडीत ओवा-बाळंतशेपाची धुरी करायची. एवढा वेळ गप्प बसणं तिला जमायचं नाही, मग गोष्टी. त्यात ही होती. तिचा मामा सोलापुरात गिरणीत होता. मार्शल लॉ लागला तेव्हा त्याच्याकडून निरोप नाही, काही नाही. अव्वाची आई गरोदर, तिनं भावाच्या काळजीनं उन्हाळाभर अन्न टाकलं होतं. म्हणजे ‘पोटात होते’ हे थोरल्या मामाचं बरोबर. पण पुढचं कुणी सांगत नाही. मामा आला तो अव्वाच्या जन्मानंतर, भाची बघायला. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि आत न येता म्हणाला, "चौघांना फाशी दिलं गं." अव्वाची आई अजून सव्वा महिन्याची उठली नव्हती. विटाळ न मानता तिनं त्याला आत बोलावलं, म्हणाली, आत येऊन बस. गावात त्यावरून बोलणंही झालं. हे अव्वाला तिच्या आईनं सांगितलेलं, तिच्याच बाळंतपणात.

तुम्ही पुरुषमाणसं त्या खोलीत येतच नव्हता, तर तुम्हाला कुठून कळणार?

तिथीवार

आत्याची_लेक, यावरून साल निघतं. मी पहिल्यापासून वाचतोय, पण एवढा धागादोरा हवा होता.

येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. तिथी आणि इंग्रजी तारीख दर १९ वर्षांनी जवळजवळ त्याच जागी येऊन मिळतात, एखादा दिवस इकडंतिकडं. यंदाची, म्हणजे २०२५ची येळवस १९ डिसेंबरला झाली. १९ पंचे ९५. मागं मोजत गेलं की १९३०ची येळवसही त्याच सुमाराला, १९-२० डिसेंबरला येते.

फाशी १२ जानेवारी १९३१ची. मधे साधारण २३-२४ दिवस. बातमी सोलापुरात यायला आणि मामांना गावी पोचायला पाच-सात दिवस धरा, तरी सव्वा महिना पुरा होत नाही. मे महिन्यात आई दोन-अडीच महिन्यांची गरोदर, तेही जमतं. एक वर्ष मागं गेलात तर मार्शल लॉच्या वेळी मूल पाच महिन्यांचं होतं, एक वर्ष पुढं गेलात तर फाशीच्या वेळी जन्मच नाही.

तेव्हा येळवस, डिसेंबर १९३०. जाताना ९४ पूर्ण, ९५वं सरत आलेलं.

चष्मेवाला

हिशेब चोख आहे. तरी शंका काढतोच. अशा गोष्टी पुढच्या पिढीत सांगताना मोठ्या घटनेजवळ सरकतात. सोलापुरातल्या प्रत्येक म्हाताऱ्याचा जन्म मार्शल लॉत आणि प्रत्येक म्हातारीचं लग्न प्लेगात.

तिथीवार

मान्य. पण सरकलेली गोष्ट ऐटदार होते. अमकीचा जन्म फाशीच्या दिवशीच झाला, असं काहीतरी. इथं बातमी उशिरा पोचते, मामा उंबऱ्यात अडखळतो, विटाळावरून कुरबूर होते. बनवणारा इतक्या अडचणी कशाला घालेल? आणि १९४८ला १७ वर्षांची आई, कडेवर वर्षाचं पोर, हेही त्याच सालाशी जुळतंय. मला दोन बाजूंनी एकच उत्तर आलं की पुरतं.

चष्मेवाला

बरं. ९४वर माझी सही.

नळदुर्गचा_पाहुणा

यंदाची येळवस चुकली म्हणजे त्यांची. अंबील, भज्जी, खिचडा, बाजरीचे उंडे... गावाकडून डबा येत होता का?

बाळीवेसकर

दर वर्षी यायचा, माहेरच्या भाच्यांकडून. यंदाही आला. सुतकाचं वर्ष म्हणून आम्ही नको म्हणत होतो, तर भाचा म्हणाला, "तुमचं सुतक तुमच्यापाशी, आत्तीच्या नावाचं आहे." घेतला.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळची गोष्ट यावरून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आधी. आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले, सगळे मेल्यासारखे झोपलेले. मांडणीवरची भांडी खडखडून खाली आली. आम्ही मुलं रस्त्यावर, अव्वा मात्र घरात उभी राहून ओरडूलाली, "माझ्या म्हायेराकडनं आलाय ह्यो." तेव्हा टीव्हीवर काही नव्हतं, फोन नव्हता. सकाळी लोहारा-उमरग्याकडच्या बातम्या यायला लागल्या तशी ती पिशवी भरून एसटी स्टँडवर जाऊन बसली. गाड्या सुटत नव्हत्या. काकांनी समजावून परत आणली. तिच्या गावी भिंती चिरल्या होत्या, माणसं वाचली होती. ते चौथ्या दिवशी कळलं, तोवर तिनं भाकरी शिवली नाही.

आत्याची_लेक

आणि गिरणी बंद पडल्याचं लिहिलंस का? नव्वदच्या दशकात एकेक गिरणीचा भोंगा थांबला, त्यात धाकट्या मामाची नोकरी गेली. मामा सहा महिने पलंगावर तोंड फिरवून पडलेला. अव्वानं माळ्यावरचा रहाट खाली काढला. साठी उलटलेली बाई, शेजारच्या यंत्रमागवाल्याच्या कांड्या भरायला बसली. हप्त्याचे पैसे मुलाच्या हातात एकदाही दिले नाहीत, सुनेच्या हातात दिले. सुनेला म्हणाली, "त्याला सांगू नको किती हैत." शंभरीचा बोर्ड लावणारे ते हेच मामा. म्हणून मी त्यांना त्या बोर्डाबद्दल काही बोलले नाही.

बाळीवेसकर

हे मला माहीत नव्हतं. काकू कधी बोलल्या नाहीत.

मंडळी, काल रात्री काकांना हा सगळा धागा वाचून दाखवला, रहाटाचा भाग सोडून. थोरले काका ९७वरून खाली यायला तयार झाले, पण ‘९५ चालू’ असं छापा म्हणाले, ९४ त्यांना कमीपणाचं वाटतं. धाकटे काका आधी गप्प होते. मग म्हणाले, बोर्ड तर उतरलाय, आता वाद कशाला. आधारची तारीख तशीच राहणार, ती बदलायला आता कोण जातंय.

पहिलं पान असं होईल: जन्म – येळवस, मार्गशीर्ष अमावस्या, १९३०, नळदुर्गच्या पुढं, मोगलाई. तिथीवार आणि सगळ्यांचे मनापासून आभार.

आत्याची_लेक

आणि आईच्या शाळेचं?

बाळीवेसकर

ते मी नाही लिहिणार. आत्या स्वतः लिहील, तिचं नाव घालून, तिला हवं तेवढं. फोन करून झालाय. ती म्हणाली, पानं किती देणार ते आधी सांग.

आत्याची_लेक

कमी देऊ नकोस. तिच्याकडं अजून सातवीची वही आहे.

नळदुर्गचा_पाहुणा

त्या उरलेल्या हाली रुपयाचा फोटो टाकता का? साल दिसलं पाहिजे.

बाळीवेसकर

रुपया थोरल्या काकांच्या कपाटात, किल्ली काकूंच्या कमरेला. रविवारी सगळे जमूलालाव, तेव्हा दोन्ही बाजू काढून टाकतो.